आमचे आप्पा

श्रोतेहो, नमस्कार. आज आमच्या आप्पांबद्दल, माझ्या आजोबांबद्दल बोलायचं आहे. घणसोलीचे आगरी शेतकरी. पोरवयात मिठागरावर, मग खारजमिनीत भातशेती, पुढे ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात पाळी, आणि जन्मभर गावच्या भजनात पखवाज. १९७० साली सिडको, म्हणजे नवं शहर वसवणारी सरकारी कंपनी आली, ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी गेल्या. १९८४ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांनी जमिनीच्या मोबदल्यासाठी हाक दिली तेव्हा आप्पाही जासईला गेले. त्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच माणसं गेली. याबद्दल ते फार बोलत नसत.

पण खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाची गोष्ट ऐकाच. आजी सांगते ती.

पिठोरी अमावास्येची रात्र, उधाणाची भरती, वर मुसळधार पाऊस. मध्यरात्री हाकाटी झाली, बांधाला खांड पडली! खारं पाणी शेतात शिरलं की दोन-तीन वर्षं भाताचं नाव नाही, पावसानं खार धुऊन निघेपर्यंत. म्हणजे ओहोटी लागल्यापासून पुढची भरती चढू लागेपर्यंत, त्या सहा तासांत खांड बुजवायची. सहा तास, श्रोतेहो! अख्खा गाव कुदळ-घमेली घेऊन धावला. तिवराचे खुंटे ठोकले, पेंढा कोंबला, चिखल टाकला. पाणी सगळं ओढून नेई.

आप्पा पळत घरी आले. आजी बाळंतीण, माझे वडील महिन्याचेही नव्हते. आप्पांनी नवीकोरी सागवानी दारं बिजागरीतून उचलली, खांद्यावर टाकली. आजी ओरडली, "अवो, दार कुठं नेताव?" ते म्हणाले, "दार परत बसवू, भात कुठून आनायचा?" आजीनं चौकटीला लुगडं बांधलं आणि पोराला घेऊन चुलीशी बसून राहिली. तिकडे खुंट्यांना दारं आडवी लावली, मागे चिखलाची भर घातली. उजाडताना खांड बुजली. दुपारची भरती आली, बांध टिकला. बांध टिकला म्हणजे भात टिकलं.

आणि भात टिकलं तर उघाडीजवळचा, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या झडपेजवळचा, जिताडा मासाही गोड लागतो. त्याच्या कालवणात टोमॅटो घालू नका हो. चिंच किंवा कोकम, बस्स. हल्ली हॉटेलात त्या माशाचं काय करतात, बघवत नाही.

असो. घरात वडीलधारं माणूस असेल तर जन्मतारीख नंतर विचारा, आधी विचारा की हातानं काय काय काम केलंत. कामाचं विचारलं की माणूस बोलतो.

ते शेत पुढे संपादनात गेलं. दारं मात्र वडिलांनी नव्या घराला बसवली. खालच्या फळ्यांत मीठ मुरलंय, पावसाळ्यात त्या घामेजतात. पाहुणे विचारतात, "दाराला ओल कसली?" मग आजी पदर खोचून बसते आणि त्या रात्री बांधावर कोण कोण होतं, ती सगळी नावं घेते. एकही गाळत नाही.