काखेतल्या गाठीत काय चालतं

नाशिकच्या एका कॉलेजची ही लॅब, आणि स्क्रीनवर फांद्या फुटल्यासारखी जी दिसतेय ना, ती डेन्ड्रिटिक पेशी, जंतू पकडून त्याची खबर पुढं देणारी रोगप्रतिकारक पेशी. १८६८ मध्ये पॉल लँगरहान्स नावाच्या मेडिकलच्या विद्यार्थ्याला त्वचेत अशाच पेशी दिसल्या, त्याला वाटलं नसांच्या असतील. मग १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन आणि झानविल कोन यांना उंदराच्या प्लीहेत या पेशी सापडल्या, त्यांनी नाव दिलं, पण टी पेशींना, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, कामाला लावणाऱ्या मुख्य त्या ह्याच, हे पुढं कितीतरी वर्षं लोकांना पटतच नव्हतं. २०११ चं नोबेल स्टाइनमन यांना जाहीर झालं, आणि ते तीनच दिवस आधी गेलेले.

आता हे दिंडोरी तालुक्यातलं आरोग्य केंद्र. सिस्टर बाळाच्या डाव्या दंडावर बीसीजी, म्हणजे टीबीची लस, देतायत, महिन्याच्या आतलं बाळ म्हणून फक्त ०.०५ मिली, सुई स्नायूत नाही, कातडीतच, तो पांढरा फुगवटा त्याचाच. आणि कातडीत या पेशी भरपूर. लसीतला दुबळा केलेला जंतू आला की गिळायचा, आत बारीक तुकडे करायचे, ते एमएचसी नावाच्या प्रथिनावर बसवून अंगाबाहेर मांडायचे. मग त्या पेशीचं वागणंच बदलतं, गिळणं कमी होतं, अंगावर सीसीआर७ हा रिसेप्टर, म्हणजे रसायन ओळखणारं प्रथिन, येतो आणि लसीकावाहिनीकडून, म्हणजे शरीरातला पातळ द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळीकडून, येणाऱ्या रसायनाचा माग काढत ती काखेतली गाठ, म्हणजे टी पेशी जमतात ती लसीका ग्रंथी, गाठते. एक-दोन दिवस लागतात, बाळाला पत्ताही नसतो.

गाठीच्या आत कॅमेरा जात नाही, म्हणून हा लासलगावचा कांदा लिलाव बघा. ट्रॉल्या रांगेनं उभ्या, व्यापारी एकेकीपाशी थांबून मूठभर कांदा बघतात आणि पुढं सरकतात. टी पेशीही अशाच एकेका डेन्ड्रिटिक पेशीला चिकटून तुकडा चाचपतात, जुळला नाही की पुढं, तासाभरात शेकडो येऊन जातात आणि जुळणारी लाखात एखादी, कधी तीही नाही. बरं, नुसता तुकडा जुळून भागत नाही. डेन्ड्रिटिक पेशीवर सीडी८० आणि सीडी८६ ही प्रथिनंही दिसावी लागतात, ती धोका ओळखल्यावरच नीट वाढतात, नाहीतर टी पेशी उलट गप्पच पडते.

दोन्ही जमलं की ती टी पेशी एकाची हजारो होते, शरीरभर पसरते, लहानग्यांना मेंदूच्या टीबीपासून संरक्षण मिळतं ते यातूनच. दोन-तीन आठवड्यांनी दंडावर पुळी येईल, फुटेल, खपली धरेल, त्यावर हळद, तेल, मलम काही लावू नका.