द्राक्षाचा वेल, मालुवाचा वेल

[दृश्य: सकाळ. चर्चचं आवार, मांडव, कात्री.]

ऑक्टोबर महिना. नागपूरच्या सदरमधलं एका चर्चचं आवार. मांडवावर द्राक्षाचा एकुलता एक वेल, आणि आज त्याची फळछाटणी.

माळीकाका काडी बोटांत धरतात, तिच्यावरचे डोळे, म्हणजे कोंब, मोजतात, मग कात्री लावतात. हिरवीगार, पानांनी भरलेली काडीही सुटत नाही. द्राक्षाचा घड नव्या फुटीवर येतो. छाटलं नाही तर वेल मांडवभर पसरतो आणि घड धरत नाही. एप्रिलात खरड छाटणी झाली होती, आता ही दुसरी. कापलेल्या टोकाशी पाण्याचा थेंब जमतोय.

[दृश्य: भिंतीवर रंगवलेलं वचन.]

योहानाच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय. येशू म्हणतो, मी खरा द्राक्षवेल, माझा पिता माळी, तुम्ही फाटे. फळ देणाऱ्या फाट्याची छाटणी होते, असं तिथं म्हटलं आहे, आणि त्यासाठी जो ग्रीक शब्द आहे त्याचा अर्थ 'स्वच्छ करणं' असाही होतो. लग्नात, दुःखात, प्रार्थनेत हे वचन हमखास वाचलं जातं.

'खरा' या शब्दामागे मोठा इतिहास आहे. त्याआधी कित्येक शतकं द्राक्षवेल म्हणजे इस्राएल. ऐंशीव्या स्तोत्रात देव मिसरातून वेल आणून लावतो. जेरुसलेमच्या मंदिराच्या दारावर तर सोन्याचा वेल होता. संदेष्ट्यांनी मात्र याच प्रतिमेतून आपल्या लोकांना जाब विचारला.

त्यांतल्या यशया या संदेष्ट्याचा पाचवा अध्याय ऐका. मालक टेकडी खणतो, दगड वेचतो, जातिवंत रोप लावतो, मधोमध बुरूज बांधतो, द्राक्षकुंड खोदतो. इतकं करून वाट पाहतो, तर येतात आंबट, रानटी द्राक्षं. आणि यशया मूळ हिब्रूत दोन शब्द एकमेकांवर आपटतो: अपेक्षा होती 'मिश्पात'ची, म्हणजे न्यायाची, हाती आला 'मिस्पाख', रक्तपात. हवी होती 'त्सदाका', नीतिमत्ता. ऐकू आली 'त्सआका', पीडितांची किंकाळी. उच्चार जवळजवळ सारखे, अर्थ उलटे. हे वचन भिंतीवर रंगवलेलं आम्हाला कुठं दिसलं नाही. ते दिसायला हवं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

मग मालक कुंपण काढतो, बाग तुडवली जाते.

[दृश्य: सुताराचं दुकान. वाळकी काडी हातात.]

दुसरा संदेष्टा यहेज्केल विचारतो, द्राक्षाच्या लाकडाचं काय होतं? भांडं टांगायला खुंटी तरी? छाटणीतली एक जून काडी आम्ही सुताराकडे नेली. त्यांनी ती वाकवून पाहिली आणि चिपाडांच्या ढिगावर टाकली.

[दृश्य: दीक्षाभूमी. गर्दी, पुस्तकांचे स्टॉल.]

त्याच महिन्यात, दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह इथं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दरवर्षी इथून पिशव्या भरभरून पुस्तकं गावोगाव जातात, आणि त्यांत धम्मपद असतंच.

धम्मपदातही वेल आहे, फक्त तो कुणी लावलेला नाही. बेसावध माणसाची तृष्णा मालुवाच्या, म्हणजे झाडाला वेढणाऱ्या रानवेलासारखी वाढते, म्हणतात बुद्ध. मज्झिम निकायात, बुद्धाच्या उपदेशांच्या पाली संग्रहात, हा वेल आणखी जवळून दिसतो. शालवृक्षाच्या बुंध्याशी मालुवाचं एक बी पडतं. झाडावरची देवता घाबरते. शेजारच्या देवता समजावतात, भिऊ नकोस, मोर गिळेल, हरिण खाईल, वणव्यात जळेल. तसं काहीच होत नाही. वेल रुजतो, कोवळा, केसाळ, झुलता, झाडाला बिलगतो. आणि देवतेला त्याचा स्पर्श आवडतो! मग तो वर चढतो, छत धरतो, फांद्या मोडतो.

योहानाच्या वेलाशी जोडून राहायचं. हा वेल दिसताच प्रज्ञेनं त्याचं मूळ छाटायचं.

[दृश्य: स्टॉल. एक मुलगी धम्मपद चाळते.]

चोविसावा वग्ग, म्हणजे अध्याय. तण्हावग्ग, तृष्णेचा.