न दिसणारं सगळंच ‘अदृश्य’ नसतं

नमस्कार मंडळी. शब्दांच्या छटांवरचा मागचा व्हिडिओ आला, तेव्हापासून एकच प्रश्न सारखा येतोय: जे जाणवतच नाही, त्याला मराठीत म्हणायचं काय?

सोपं आधी उरकते. डोळ्यांना दिसत नाही ते अदृश्य. 20,000 हर्ट्‌झच्या वरचा आवाज श्राव्यातीत, सोनोग्राफी त्याच्यावरच चालते. 20 हर्ट्‌झच्या खालचा अवश्राव्य. कुठल्याच इंद्रियाला कळत नाही ते अगोचर किंवा अतींद्रिय. झालं.

हां, एका ताईंनी लिहिलंय, “आमच्याकडे अगोचर म्हणजे आगाऊ कार्टं!” बरोबर आहे ताई, घरोघरी तो अर्थ चालतो. आज मात्र दुसरा अर्थ घेऊया.

खरी अडचण अशी, की आपण सगळ्यालाच ‘अदृश्य’ म्हणून मोकळे होतो. स्वयंपाकाचा गॅस घ्या. तो अदृश्य आहे, पण अगोचर नाही. त्याला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच, म्हणून गळती कळावी यासाठी त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात. डोळ्याला नाही, पण नाकाला कळतो. आता कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू बघा. रंग नाही, वास नाही, चव नाही. दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपलं, किंवा कोंदट न्हाणीघरात गॅस गिझर लावला, की तो साचतो आणि कळत नाही. ओळखीतल्या एका घरात गिझर असाच लावलेला होता. मी बोलले, तर उत्तर आलं, “वास कुठे येतोय?” म्हणून सोसायटीच्या फलकावर सूचना लिहिताना ‘अदृश्य वायू’ एवढंच लिहून थांबू नका. ‘वासावरूनही कळत नाही’ असं लिहा. नाहीतर माणूस नाकावर विसंबून राहतो.

दुसरीकडे याच्या उलट घडतं. ‘गृहिणींचे अदृश्य श्रम’ हे शब्द वाचले की मला फार राग येतो. पहाटे उठून डबे भरणारी बाई दिसत नाही का? कणिक मळताना, ओटा पुसताना, आजारी सासऱ्यांची औषधं काढताना ती घरातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर असते. तिचे श्रम अदृश्य नाहीत, दुर्लक्षित आहेत. अदृश्य म्हटलं की दोष श्रमांच्या स्वभावात जातो, आणि बघणारे सुटतात. दुर्लक्षित म्हटलं की विचारता येतं: दुर्लक्ष कोणी केलं? पहाटे रस्ता झाडणाऱ्यांबद्दलही हेच. कृपा करून हा फरक पाळा.

जे कळूच शकत नाही आणि जे कळत असून कोणी बघितलं नाही, हा फरक आपल्याकडे फार जुना आहे. ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका हा सांख्य दर्शनाचा जुना संस्कृत ग्रंथ. त्यातली सातवी कारिका, म्हणजे सातवा श्लोक, वस्तू असूनही न कळण्याची आठ कारणं सांगते: फार दूर, फार जवळ, इंद्रियातच दोष, मन थाऱ्यावर नाही, वस्तू फार सूक्ष्म, मध्ये आडोसा, दुसऱ्या कशाने तरी झाकोळली, किंवा तिच्यासारख्याच वस्तूंत मिसळली. फार जवळचं म्हणजे आपल्याच डोळ्यातलं काजळ. झाकोळलेलं म्हणजे दिवसाच्या चांदण्या. त्या यादीत ‘मन थाऱ्यावर नाही’ हे कारण आहे, बघा! डब्यांचे श्रम तिथे बसतात, सूक्ष्म वस्तूंच्या रांगेत नाही. आणि लगेच आठवी कारिका म्हणते, प्रकृती, म्हणजे जगाचं मूळ कारण, कळत नाही ती सूक्ष्म असल्यामुळे, ती नाही म्हणून नव्हे.

आठव्या कारणासाठी, म्हणजे सारख्यात सारखं मिसळण्यासाठी, रोजच्या बोलण्यात एक सुरेख शब्द आहे: बेमालूम. चांगल्या रफूगाराचं काम बेमालूम असतं. धागा समोर असतो, पण कापडातून वेगळा काढता येत नाही. एका दादांनी विचारलंय, “भेसळयुक्त दुधाला अदृश्य भेसळ म्हणावं का?” नाही दादा, बेमालूम भेसळ म्हणा. प्रयोगशाळेत तपासली की ती कळते.