शंभर फुटांवरून ओळखू येईल असा झेंडा

(दृश्य: निळ्या कापडावरची गोल मुद्रा, टाका दिसेल इतक्या जवळून)

ही मुद्रा नीट बघा. नांगर धरलेला शेतकरी. त्याच्याजवळ झाडाचा तोडलेला बुंधा, कुऱ्हाड आणि टेकवून ठेवलेली बंदूक. मागे घोड्यावरचा मूळनिवासी स्वार. नदी, धबधबा, पाइनची झाडं, क्षितिजावर सूर्य. या सगळ्याभोवती फुलांचं कडं, त्या कड्यात तीन सालं, १८१९, १८५८ आणि १८९३. मग एक फीत आणि तिच्यावर फ्रेंचमध्ये ब्रीदवाक्य. बाहेरून एकोणीस तारे. एवढं सगळं काढूनही हे राज्य कोणतं ते कळत नाही, म्हणून खाली नाव लिहिलंय, मिनेसोटा.

अमेरिकेतल्या या राज्याचा झेंडा मे २०२४ पर्यंत असा होता.

(दृश्य: कॅमेरा मागे येतो. दहा फूट, तीस फूट, शंभर फूट. झेंडा आता काठीवर, वारा मध्यम.)

आता शेतकरी दिसत नाही. स्वार दिसत नाही. निळं कापड आणि मध्ये काहीतरी गोल, एवढंच उरलं. ते कापडही एका जागी थांबत नाही. ते दुमडतं, काठीला गुंडाळतं, वारा पडला की खाली लोंबतं.

तीन फूट बाय पाच फुटांचा झेंडा शंभर फुटांवरून बघितला, तर हात लांब करून धरलेल्या दीड इंची कागदाच्या तुकड्याएवढा दिसतो. झेंड्यांचा अभ्यास करणारी मंडळी म्हणूनच सांगतात, की पहिलं रेखाटन दीड इंचाच्या चौकटीत करा. तिथे जे मावत नाही, ते काठीवरही दिसत नाही. टेड के या अमेरिकन अभ्यासकाने या शहाणपणाचे पाच नियम करून एक छोटी पुस्तिका लिहिली. झेंडा लहान मुलाला आठवून काढता यावा इतका सोपा असावा, चिन्हांना अर्थ असावा, रंग दोन-तीनच असावेत, अक्षरं आणि मुद्रा नसाव्यात, आणि तो दुसऱ्या कुणासारखा दिसू नये. उत्तर अमेरिकेतल्या ध्वज-अभ्यासकांच्या संस्थेने २००१ मध्ये राज्यांच्या आणि प्रांतांच्या ७२ झेंड्यांना गुण दिले, तेव्हा मिनेसोटा ६७ वा आला. पहिला आला न्यू मेक्सिको. पिवळं कापड आणि त्यावर तिथल्या मूळनिवासी झिया लोकांचा लाल सूर्य, बस्स.

(दृश्य: एकामागून एक निळे झेंडे, प्रत्येकाच्या मध्यभागी मुद्रा)

अमेरिकेत असे मुद्रावाले निळे झेंडे वीसेक राज्यांचे आहेत. ते इतके सारखे का? यांचा उगम फौजेत आहे. यादवी युद्धाच्या काळात पलटणी निळ्या कापडावर राज्याची मुद्रा रंगवून न्यायच्या. ते निशाण सैनिकांनी जवळून बघायचं होतं. पुढे प्रदर्शनांसाठी, समारंभांसाठी राज्यांना झेंडे हवे झाले, तेव्हा तोच साचा उचलला गेला. मिनेसोटाचा पहिला झेंडा १८९३ च्या शिकागो विश्वप्रदर्शनासाठी तयार झाला, म्हणजे दालनात टांगायला. मुद्रेची जागा दस्तावर असते. कागद हातात धरून ती बघायची असते. काठीवर चढवली, की तिचं काम तिला करताच येत नाही.

(दृश्य: झेंड्याची उलटी बाजू, हाताने कापड परतवताना)

आणि झेंड्याला पाठ असते, हे कागदावर चित्र काढणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. इकडून सरळ दिसणारं अक्षर तिकडून उलटं दिसतं. ते टाळायचं तर दोन थर शिवायचे. सौदी अरेबियाचा झेंडा तसाच बनतो, कारण त्यावरचा कलमा दोन्ही बाजूंनी सरळच वाचता आला पाहिजे. मिनेसोटाचा १८९३ चा झेंडा पुढून पांढरा आणि मागून निळा होता. दोन थरांचं ते जड कापड परवडेना, म्हणून १९५७ मध्ये तो एकेरी निळा केला.

आपल्या तिरंग्यावरचा चरखा जाऊन चक्र आलं, त्यामागेही हे एक कारण होतं. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेत ठराव मांडताना जवाहरलाल नेहरूंनी ते स्पष्ट सांगितलं. चरख्याला एका बाजूला चाक आणि दुसऱ्या बाजूला चाती. झेंडा मागून बघितला, की दोन्हींची अदलाबदल होते. नुसतं चाक घेतलं, तर पुढून आणि मागून सारखंच दिसतं. चरख्यातलं चाक राहिलं, अशोकाच्या सारनाथच्या स्तंभाशी नातं जुळलं आणि कापडाची अडचणही सुटली. झेंडा सुधारणं म्हणजे काय, याचं इतकं नेमकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

(दृश्य: जुनी कृष्णधवल चित्रफीत, ओटावाची संसद)

आता कॅनडा. इथे थोडं थांबू.

१९६४ साल. कॅनडात सरकारी इमारतींवर रेड एन्साइन फडकत होता. लाल कापड, कोपऱ्यात ब्रिटनचा युनियन जॅक, उजवीकडे ढाल. पंतप्रधान लेस्टर पिअरसन यांना नवा झेंडा हवा होता. १७ मे रोजी विनिपेगमध्ये ते माजी सैनिकांच्या सभेत गेले आणि तिथेच त्यांनी हे जाहीर केलं. सभागृहाने त्यांची हुर्यो उडवली. समोर बसलेल्यांपैकी अनेकजण त्याच लाल झेंड्याखाली लढून आले होते.

जूनपासून संसदेत वाद पेटला. सप्टेंबरमध्ये तो १५ खासदारांच्या समितीकडे गेला. लोकांकडून साडेतीन हजारांहून अधिक नमुने आले. मेपलची पानं तर होतीच, शिवाय युनियन जॅक, फ्रेंचांचं लिलीचं फूल, बीव्हर हा प्राणी, काही ठिकाणी हे सगळं एकाच कापडावर. पिअरसन यांना स्वतःला एका देठावरची तीन पानं आणि दोन्ही कडांना निळे पट्टे असा नमुना आवडायचा.

(दृश्य: किंग्स्टनच्या लष्करी महाविद्यालयाचा झेंडा, लाल-पांढरा-लाल)

हा झेंडा बघा. किंग्स्टनच्या रॉयल मिलिटरी कॉलेजात जॉर्ज स्टॅन्ली नावाचे इतिहासाचे प्राध्यापक होते. रोज डोळ्यांसमोर असलेल्या या झेंड्याचे पट्टे त्यांनी घेतले आणि मधल्या पांढऱ्यावर एकच लाल पान सुचवलं. मार्च १९६४ मध्ये खासदार जॉन मॅथेसन यांना लिहिलेल्या टिपणात त्यांनी बजावलं होतं, की फूट पाडणारं कोणतंही राष्ट्रीय किंवा वांशिक चिन्ह झेंड्यावर नको. म्हणजे युनियन जॅकही नको आणि लिलीही नको. काय ठेवायचं हे ठरवण्याआधी काय काढायचं हे त्यांनी ठरवलं. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतलं सर्वांत मोलाचं पाऊल हेच.

समितीत शेवटी दोन नमुने उरले, पिअरसनांचा तीन पानांचा आणि स्टॅन्लींचा एका पानाचा. सत्ताधारी पंतप्रधानांच्याच झेंड्याला मत देणार, असं धरून विरोधकांनी एका पानाला मतं दिली. सत्ताधाऱ्यांनीही एका पानालाच दिली. निकाल १४ विरुद्ध शून्य.

(दृश्य: मेपलचं खरं पान आणि झेंड्यावरचं पान, शेजारी शेजारी)

मग सुरू झालं कारागिरीचं काम. खऱ्या पानाला कितीतरी टोकं असतात. झेंड्याच्या नमुन्यात सुरुवातीला तेरा होती. हे कापड वाऱ्याच्या बोगद्यात फडकवून तपासलं गेलं. जोराच्या वाऱ्यात टोकं एकमेकांत मिसळायची, नुसता लाल डाग दिसायचा. ग्राफिक कलाकार जाक सँ-सीर यांनी पान पुन्हा काढलं. टोकं अकरा झाली. अकरा या आकड्याला काही गूढ अर्थ नाही. अकरा टोकांचं पान वाऱ्यात पानासारखं दिसतं, एवढंच. मधला पांढरा भाग नेहमीसारखा एक तृतीयांश न ठेवता चौरस केला, म्हणजे पानाला ऐसपैस जागा मिळाली.

(दृश्य: घरगुती शिवणयंत्र, पायाखालून सरकणारं लाल-पांढरं कापड)

नोव्हेंबरच्या सुरुवातीला पंतप्रधानांना नमुने खऱ्या कापडावर, खऱ्या काठीवर बघायचे होते. वेळ एका रात्रीचा. कापडावर छपाई झाली, पण शिवायला कुणी मिळेना. सरकारी खात्यातल्या एका अधिकाऱ्याने आपल्या तरुण मुलीला बोलावलं. ती व्यवसायाने शिंपी नव्हती. तिने घरचं मशीन आणलं आणि रातोरात ते शिवले. सकाळी ते पंतप्रधानांच्या निवासाकडे रवाना झाले. आजच्या कितीतरी समित्या पडद्यावरच्या सपाट चौकोनावर मतं घेतात. त्यांनी ही एक रात्र आठवावी.

१५ डिसेंबर १९६४, रात्रीचे दोन वाजून गेलेले. १६३ विरुद्ध ७८ मतांनी ठराव मंजूर.

(दृश्य: १५ फेब्रुवारी १९६५, पार्लमेंट हिल. जुना झेंडा उतरतो. गर्दीतले चेहरे. नवा चढतो. निवेदन नाही, चित्रफितीचा मूळ आवाज.)

ऑन्टारिओ आणि मॅनिटोबा या प्रांतांनी मात्र लाल एन्साइनची आपापली आवृत्ती प्रांताचा झेंडा म्हणून ठेवली. तो आजही आहे.

(दृश्य: दक्षिण आफ्रिकेचा १९२८ चा झेंडा, मग मध्यभाग मोठा करून)

नारिंगी, पांढरा, निळा. आणि पांढऱ्या पट्ट्यावर हे काय? तीन छोटे झेंडे. एक ब्रिटनचा, दोन जुन्या बोअर, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्यांच्या, प्रजासत्ताकांचे. झेंड्याच्या आत झेंडे, आणि त्या तिन्हींत देशातल्या बहुसंख्य माणसांचं काहीच नाही.

वर्णभेदी राजवट संपत आली, तेव्हा १९९३ मध्ये नव्या झेंड्यासाठी लोकांकडून नमुने मागवले. सात हजारांवर आले. एकही पसंत पडला नाही. चित्रकार संस्थांकडून मागवले, तेही नाकारले गेले. निवडणूक एप्रिल १९९४ मध्ये, आणि फेब्रुवारी उजाडला तरी झेंडा नाही. शेवटी सरकारचे ध्वज-अधिकारी फ्रेडरिक ब्राउनेल यांचा आराखडा पुढे आला. त्याचं पहिलं रेखाटन त्यांनी आदल्या वर्षी झुरिकमधल्या ध्वज-अभ्यासकांच्या परिषदेत बसल्या बसल्या केलं होतं. काठीकडून निघालेल्या दोन वाटा मध्ये एकत्र येतात आणि एक होऊन पुढे जातात.

(दृश्य: फॅक्सचा कागद, रंगीत पेन्सिली)

मंडेलांच्या पक्षाकडून वाटाघाटी करणारे सिरिल रामाफोसा यांना नेल्सन मंडेलांची संमती हवी होती. मंडेला दौऱ्यावर होते. आराखडा फॅक्सने पाठवला. फॅक्स काळा-पांढरा आणि झेंड्यात रंग सहा! मग तिथल्या दुकानातून रंगीत पेन्सिली आणून तो कागद रंगवला गेला आणि मंडेलांनी होकार दिला. पेन्सिलीने काही मिनिटांत रंगवता आला, यातच त्या झेंड्याची परीक्षा झाली असं मी मानतो. सहा रंग म्हणजे नियमाच्या दुप्पट. तरी तो साधा आहे, कारण आकार एकच आहे आणि तो हाताला लगेच सापडतो. सरकारने रंगांना अधिकृत अर्थ दिला नाही, हेही बरंच झालं. ज्याला जो दिसला, तो त्याने घेतला.

१५ मार्चला मान्यता, २७ एप्रिलला मतदान.

(दृश्य: मतदानाच्या रांगा. निवेदन नाही.)

पाच वर्षांपुरता म्हणून आलेला तो झेंडा १९९६ च्या राज्यघटनेत कायम झाला.

(दृश्य: मिनेसोटा, विधान भवनाच्या घुमटाखालची फरशी, तिच्यातला आठ टोकांचा तारा)

परत मिनेसोटात. २०२३ मध्ये राज्याने आयोग नेमला. झेंड्याचे दोन हजारांवर नमुने आले. निवडलेल्या नमुन्यात काठीकडे गडद निळ्यावर पांढरा तारा होता आणि उजवीकडे पांढरा, हिरवा, फिकट निळा असे तीन पट्टे. हिरवा शेतीचा, पांढरा बर्फाचा, निळा पाण्याचा. प्रत्येक पट्ट्याच्या बाजूने बोलणारे होते. आयोगाने तिन्ही काढले आणि एकच फिकट निळा ठेवला. गडद निळ्याचा आकार राज्याच्या नकाशाची आठवण देतो. आठ टोकांचा तारा या फरशीतला, आणि ‘उत्तरेचा तारा’ या ब्रीदवाक्याचाही. फिकट निळं म्हणजे पाणी. आकाश ज्यात उतरतं ते पाणी, हा इथल्या मूळनिवासी डाकोटा लोकांच्या भाषेत या राज्याच्या नावाचाच अर्थ आहे.

पट्टे काढल्याने अर्थ गेला, अशी तक्रार झाली. मला ती पटत नाही. तीन पट्ट्यांसोबत तीन खुलासे द्यावे लागले असते. आता एकही लागत नाही.

नव्या झेंड्याला विरोध करणारे म्हणाले, इतिहास पुसला. पण जुन्या मुद्रेतला तो स्वार कुठे निघाला होता आणि शेतकऱ्याची बंदूक का हाताशी होती, हे १८६३ मध्ये कायदा करून राज्याबाहेर काढलेल्या डाकोटांच्या वंशजांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ११ मे २०२४ रोजी नवा झेंडा लागू झाला. काही काउंटींनी, म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यांनी, त्याविरुद्ध ठराव केले.

(दृश्य: ऑकलंड हार्बर पूल, दोन झेंडे शेजारी शेजारी)

न्यूझीलंडने मात्र बदलाला नकार दिला. १०,२९२ नमुने, चाळिसांची यादी, मग चार, मग लोकांच्या आग्रहाने पाचवा. दोन सार्वमतं आणि कोट्यवधी डॉलर. मार्च २०१६ मध्ये ५६.६ टक्के लोकांनी जुनाच झेंडा ठेवला, ऑस्ट्रेलियाच्या झेंड्याशी त्याची कायम गल्लत होत असूनही. अंतिम नमुन्यात फर्नचं पान होतं, जुने चार तारेही होते, आणि रंग काळा, पांढरा, निळा, लाल. कुणालाच दुखवायचं नव्हतं, म्हणून युनियन जॅक सोडला तर फारसं काही काढलं नव्हतं. तरी एक गोष्ट त्यांनी योग्य केली. मतदानाआधी दोन्ही झेंडे या पुलावर चढवले. जुना आणि नवा, एकाच वाऱ्यात. ज्याला मत द्यायचं, त्याने वर बघून द्यावं.

(दृश्य: इलिनॉयचा झेंडा, निळा नव्हे, पांढरा. मध्ये गरुड, ढाल, फीत, खाली नाव.)

इलिनॉयमध्ये २०२५ च्या सुरुवातीला दहा नवे नमुने आणि जुने झेंडे अशी ऑनलाइन पसंती घेतली. सध्याचा मुद्रावाला झेंडाच पहिला आला. लोकांनी नवे नमुने बघितले ते पडद्यावर, काही इंचांत, सपाट. त्यातला एकही त्यांनी काठीवर फडकताना पाहिला नव्हता.