अर्ध्या तासाचे अकरा तुकडे

नमस्कार. पुढच्या रांगेत माझ्या सासूबाईंच्या वयाच्या मावशी-काकू बसल्या आहेत. मागे दाराशी दोघी जणी कडेवर लेकरू घेऊन उभ्या आहेत. बसलं की मूल जागं होतं, म्हणून त्या उभ्या आहेत हे मला ठाऊक आहे. लेकरू रडलं तरी बाहेर जाऊ नका. आज इथे बोलायचं आहे ते त्याच्याबद्दलच, त्याला सांभाळण्यात जाणाऱ्या आईच्या दिवसाबद्दल.

मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सात वर्षं हिशेब बघत होते. थोरली झाली तेव्हा रजा मिळाली. २०१७ साली कायदा बदलून बाळंतपणाची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली होती, त्याचा मला फायदा झाला. त्याच कायद्यात पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं असंही होतं; आमच्याकडे तेवढी माणसंच नव्हती. थोरलीला सासूबाईंनी सांभाळलं. धाकटा झाला तोवर त्यांचे गुडघे थकले होते. रजा संपली, मी राजीनामा दिला. कोणी भाग पाडलं नाही. पटलं म्हणून दिला, आजही पटतो. हे आधी सांगते, कारण पुढचं ऐकून कोणाला वाटेल की मी रडगाणं गायला आले आहे.

गेल्या वर्षी एका कार्यालयात अर्ज भरायला गेले होते. धाकटा कडेवर होता, थोरली पदर धरून. खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं, "काय करता?" मी म्हटलं, "घरी असते. दोन लहान मुलं आहेत." त्यांनी रकान्यात लिहिलं, "काही नाही." माणूस वाईट नव्हता. धाकट्याला त्यांनी खिशातली गोळीही दिली. पण घरी येईपर्यंत ते दोन शब्द माझ्या डोक्यातून गेले नाहीत. सात वर्षं मी दुसऱ्यांच्या वह्यांमधली रुपया-दोन रुपयांची चूक शोधत होते, आणि माझ्या स्वतःच्या दिवसासमोर शून्य लिहिलं गेलं. म्हणून ठरवलं, हा हिशेब आपणच मांडायचा.

सरकारने असा हिशेब मांडलेला आहे. माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची देशभर पाहणी होते; २०१९ मध्ये झाली, मग २०२४ मध्ये. २०२४ च्या पाहणीत, घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला २८९ मिनिटं जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८. लहानांची, आजाऱ्यांची, म्हाताऱ्यांची काळजी घेणाऱ्या बाईची त्यात १३७ मिनिटं, तशा पुरुषाची ७५. हे आकडे पुष्कळदा सांगितले जातात. माझं लक्ष गेलं ते मोजायच्या पद्धतीकडे. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार असा दिवस धरतात, त्याचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे भाग पाडतात आणि एका भागात जास्तीत जास्त तीन कामं लिहून घेतात, तीही दहा मिनिटांपेक्षा कमी नसलेली. एवढ्या मोठ्या देशात याहून बारीक मोजणं अवघडच आहे, मी पद्धतीला नावं ठेवत नाही. पण तीन कामं म्हटल्यावर मला माझा अर्धा तास लिहून बघावासा वाटला.

श्रावणातला दिवस होता. साताऱ्याची भुरभुर सलग चार दिवस लागलेली, दुपटी आणि चड्ड्या पंख्याखाली दोरीवर. थोरलीला ताप म्हणून शाळा बुडवलेली. साडेदहाला मी ज्वारीचं पीठ मळायला घेतलं. मळते तोवर धाकट्याने तुरीच्या डाळीचा डबा उपडा केला, ती डाळ सुपात गोळा केली. तेवढ्यात त्याने शी केली, त्याला धुतलं, चड्डी बदलली. हात धुऊन पुन्हा पिठाकडे आले तर दारात भाजीवाल्या मावशी, त्यांच्याकडून मेथी घेतली. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, गॅस बारीक केला. थोरलीच्या कपाळावरची पट्टी वाळली होती, ती बदलली. भाकरी थापून तव्यावर टाकली. नळाला पाणी आलं, बादली लावली. धाकटा स्टुलावर चढला आणि पडला. उचलला, फुंकर घातली, भिंतीला रागावले. भाकरी करपली. दुसरी थापली तेव्हा घड्याळात अकरा वाजले होते.

अर्ध्या तासात अकरा कामं. यातलं एकही अवघड नाही. पीठ कुणीही मळेल, चड्डी कुणीही बदलेल. माझ्या कारखान्यातलं काम याच्या दसपट किचकट होतं, पण ते एका जागी बसून करता यायचं. बेरीज सुरू केली की संपायची. इथे कुठलीच बेरीज संपत नाही. संध्याकाळी अंगात जो शीण असतो तो कष्टाचा कमी आणि तुटण्याचा जास्त. मन एका ठिकाणी टेकतं न टेकतं तोच "आई, बघ ना" अशी हाक येते. दिवसातून दोनशे वेळा मान वळवावी लागते. नवरा घरी आल्यावर प्रेमाने विचारतो, "आज काय काय केलंस?" तर सांगायला काही सुचत नाही, कारण एकही गोष्ट पूर्ण लांबीची झालेलीच नसते. मग आपल्याच तोंडून निघतं, "काही नाही." त्या खिडकीतल्या गृहस्थांनी लिहिलेले तेच दोन शब्द. मला त्याची जास्त भीती वाटते.

सासूबाईंना मी हे सांगितलं. त्या कोरेगाव तालुक्यातल्या, चार मुलं वाढवलेल्या. म्हणाल्या, "लेकराचं करताना दिस कुठं जातो कळत न्हाय बघ. पण आमाला जातं हुतं." मला आधी अर्थ लागला नाही. मग त्या सांगत बसल्या. पहाटे पोरं उठायच्या आत त्या आणि त्यांची जाऊ जात्यावर बसायच्या. दोघी समोरासमोर, खुंटा दोघींच्या हातात, एकीने वैरण, म्हणजे मूठमूठ धान्य, घालायची. घरात दुसरं कोणी जागं नाही. त्या तासात त्या ओव्या म्हणायच्या. माहेरचं, भावाचं, सासूचं, लेकीचं, जे दिवसा उजेडी बोलता यायचं नाही ते सगळं. हेमा राईरकर आणि गी पॉइटेविन यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांमधून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. कागदावर कधी अक्षर न काढलेल्या बायकांनी एवढं काव्य रचलं, त्याला कारण आहे. त्यांना दिवसातला एक तास सलग मिळत होता आणि समोर ऐकणारी होती.

जातं परत आणा असं मी म्हणणार नाही. सासूबाईंचे खांदे मी चोळते, त्यात ते जातं आहे. गिरणी आली हे फार चांगलं झालं. पण गिरणीने कष्टाबरोबर तो तासही नेला, आणि त्याच्या जागी काही आलं नाही. पुढे वाडे गेले. वाड्याच्या चौकात एकीचं मूल रांगत दुसरीच्या उंबऱ्यापर्यंत गेलं तर ती आपसूक उचलून घ्यायची. आता सदनिकेचं दार लागलं की आत एक आई आणि दोन मुलं, संध्याकाळी सात वाजेपर्यंत. इतक्या एकटीने मूल वाढवायची पद्धत आपल्याकडे कधी नव्हती.

साताऱ्यात हा विषय निघाला की मला लक्ष्मीबाई आठवतात, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. निरनिराळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एका पंगतीला जेवायची. धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. १९३० साली त्या गेल्या. मी हिशेबातली बाई, मला सारखं वाटतं की मंगळसूत्र लक्षात राहिलं कारण ते सोनं होतं, त्याची किंमत करता येत होती. त्याआधी आणि त्यानंतर रोज ज्या भाकऱ्या झाल्या, आजारी पोरांच्या उशाशी ज्या रात्री गेल्या, त्यांची नोंद कुठल्या वहीत असणार? स्वतःची लेकरंही होती त्यांना. भाकरी थापताना तीही पदर ओढत असतील.

कोर्टातही असंच आहे. मोटार अपघाताच्या कायद्यात न कमावत्या जोडीदाराचं उत्पन्न कमावत्याच्या एक तृतीयांश धरायचं असं कोष्टक होतं. जमशेदपूरच्या १९८९ मधल्या आगीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गृहिणीच्या कामाचं मोल दरमहा ३००० रुपये धरलं. २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की गृहिणीचं उत्पन्न धरणं म्हणजे तिच्या श्रमाची आणि त्यागाची दखल घेणं आहे. चांगले निकाल आहेत. पण हा आकडा निघतो कधी, तर बहुतेकदा बाई गेल्यावर, तिच्या माणसांना भरपाई देताना.

आता मोबाईलबद्दल. मावशी, तुमच्यापैकी पुष्कळ जणी सुनांना रागावता, "पोराला जेवताना मोबाईल दाखवतेस." तुमचं बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की एक वर्षाच्या मुलालाही पडदा नको, आणि दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला तासाच्या आतच, जितका कमी तितकं बरं. मला हे पाठ आहे. तरी मी दाखवलेला आहे. त्या वेळी मला मुलाला गप्प करायचं नव्हतं. एक भाकरी न करपता भाजायची होती. सुनेला रागावण्याआधी तिच्या हातातलं पोरगं वीस मिनिटं घ्या. मोबाईल आपोआप खाली ठेवला जातो, मी अनुभवाने सांगते.

आणि हे काम मला का आवडतं तेही सांगते, नाहीतर बोलणं अर्धंच राहील. एका दुपारी वीज गेली होती. सासूबाईंनी गावाहून वाघ्या घेवडा पाठवला होता, आपल्या कोरेगावचा, भौगोलिक मानांकन मिळालेला. मी तो निवडायला घेतला आणि धाकटा समोर येऊन बसला. दाणा नाकात घालेल म्हणून मला जागचं हलता येत नव्हतं. त्याने एक दाणा उचलला. त्यावरचे लाल पट्टे बघितले. बोटाने घासले, जातात का म्हणून. गेले नाहीत. मग जमिनीवर घासले. मग माझ्या गालावर. मग दुसरा दाणा घेऊन पहिल्याशेजारी ठेवला आणि दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिला. त्याला शब्द फुटून जेमतेम सहा महिने झाले होते. तो म्हणाला, "हा पन." हासुद्धा तसाच आहे! दोन वस्तू वेगळ्या असून सारख्या असू शकतात हे एका माणसाला माझ्यासमोर, त्या क्षणी कळलं. मग त्याने पुढचा ठेवला, "हा पन." पुढचा, "हा पन." पाऊण तास चाललं होतं. त्याचं मन एकदाही तुटलं नाही, आणि बऱ्याच दिवसांनी माझंही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मुलाजवळ सलगपणा असतो. त्याच्याकडे बघायला आईजवळ तो उरत नाही.

म्हणून आमच्या इमारतीतल्या चौघींनी एक व्यवस्था केली आहे. मंगळवारी दुपारी चार ते सहा चौघींची मुलं एकीच्या घरी, पुढच्या मंगळवारी दुसरीच्या. जिच्या घरी मुलं असतात तिच्या मदतीला तळमजल्यावरच्या काकू येतात. त्या सत्तरीच्या आहेत, एकट्या राहतात. त्यांनी स्वतःहून विचारलं, "मला घ्याल का?" बाकी तिघींनी त्या दोन तासांत स्वयंपाक करायचा नाही, कपडे घड्या घालायचे नाहीत, एवढा एकच नियम. पहिल्या महिन्यात तो आम्ही सगळ्यांनी मोडला. मी तर घरी येऊन माळा आवरला. रविवारी सकाळचे दोन तास नवऱ्यांकडे आहेत. पहिल्यांदा ह्यांचा तासाभरात तीनदा फोन आला, टॉवेल कुठे, औषध कुठलं, हा रडतोय का. चौथ्या रविवारी फोन आला नाही. आता धाकट्याची टाळू भरायची असली की तो बाबांकडे जातो, त्यांचा तळवा मोठा आहे म्हणून.

खर्च शून्य आहे, कुठली मंजुरी लागत नाही. पेठांमधून, शाहूपुरीत, गोडोलीत, सदर बझारमध्ये, जिथे एका जिन्यावर तीन-चार लहान मुलं आहेत तिथे पुढच्या मंगळवारपासून सुरू करता येईल. ज्येष्ठ मंडळींना विनंती आहे, तुम्ही बोलावण्याची वाट बघू नका. आमच्या काकूंसारखं दार वाजवा.

पहिला खरा मोकळा मंगळवार आला तेव्हा काय करावं कळेना. चप्पल घातली आणि टेकडीवरच्या 'चार भिंती' स्मारकाच्या वाटेला लागले. पाऊस थांबला होता, रस्ता ओला होता. सात-आठ वर्षांत मी तिथे एकटी गेले नव्हते. वर पोचले, खाली सगळं सातारा, त्यात आमच्या इमारतीवरची पाण्याची काळी टाकी शोधली. उभी राहिले तेव्हा माझं माझ्या उजव्या हाताकडे लक्ष गेलं. तर्जनी पुढे काढून, हात थोडा खाली झुकवून मी पूर्ण वाट चालून आले होते.