कानस आणि कान

(सांगली येथे अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनींसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मैत्रिणींनो,

साखर कारखान्याच्या यांत्रिकी विभागात मी एकोणीस वर्षे काम करते आहे आणि त्यांतली अकरा वर्षे मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावायला, म्हणजे त्याचा नाद खुलवायला, शिकते आहे. हे दोन्ही सांभाळता कसे, असे मला नेहमी विचारले जाते. त्याचे उत्तर देण्यापूर्वी नोकरीविषयी थोडे सांगायला हवे.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने स्त्रियांना सायंकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत कारखान्यात काम करण्यास मनाई केली होती, आणि चालू यंत्राच्या फिरत्या भागांना तेल देण्याचे कामही त्यांच्यासाठी वर्ज्य ठरवले होते. हेतू संरक्षणाचा असेल; पण गळीत हंगामात ऊस गाळणारी मिल रात्रंदिवस चालते आणि यंत्र खऱ्या अर्थाने कळते ते बिघडते तेव्हा. रात्री दोन वाजता बेअरिंग तापले, तर सकाळी मला त्याची केवळ नोंदवहीतली ओळ वाचायला मिळे. महाराष्ट्राने २०१५ मध्ये सुरक्षिततेच्या अटी घालून रात्रपाळीची वाट मोकळी केली. तोवर बरोबरीचे सहकारी अनुभवाने माझ्या कितीतरी पुढे गेले होते, आणि त्याची खंत मला आजही वाटते.

आमच्या जुन्या फिटरमामांनी मला स्क्रूड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवून ऐकायला शिकवले. मिलचे रोलर मिनिटाला जेमतेम चार-पाच फेरे घेतात, त्यामुळे त्यांची कुरकुर संथ आणि खोल असते. गिअर बॉक्सचा सूर निराळा. हे आवाज वेगळे करताना एका सुटीत मी मिरजेला गेले आणि सतारमेकर गल्लीतल्या एका दुकानात तिथल्या कारागीर चाचांना तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा ज्यावरून जातात त्या छोट्या पुलावर, कानस फिरवताना पाहिले. आमच्या वर्कशॉपमध्ये असते तीच कानस!

मिरजेत हे नवल नाही. येथील वाद्यनिर्मितीची परंपरा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सतारमेकरांपासून मानली जाते आणि ते शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांच्या घराण्यातले होते. लोखंडाची जाण असलेल्या हातांनीच भोपळ्याला आणि लाकडाला आवाज दिला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

जवारी म्हणजे घोडीच्या माथ्याला दिलेला अतिशय सूक्ष्म उतार. तार त्यावर धडपणे टेकतही नाही आणि पुरती सुटतही नाही. कंप पावताना ती घोडीला पुनःपुन्हा स्पर्शत राहते आणि त्या स्पर्शांतून स्वयंभू स्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत आपोआप उमटणारे उपस्वर, फुटतात. तारेखाली सरकवलेला सुती दोरा, ज्याला जीव म्हणतात, योग्य जागी आला की आवाज खुलतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवले, की तार जिथे छेडल्यावर नियमाप्रमाणे एखादा उपस्वर ऐकू येऊ नये, तिथेही तंबोऱ्यात तो ऐकू येतो. हे रामन १९०७ पासून दहा वर्षे सरकारी वित्त खात्यात अधिकारी होते आणि कचेरीबाहेरच्या वेळात, सकाळ-संध्याकाळ, कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत काम करत. मला त्यांची ती वर्षे नोबेलइतकीच मोलाची वाटतात.

मी पहिली घोडी खराब केली. मिलिमीटरच्या शंभराव्या भागात विचार करण्याची सवय असल्यामुळे आधी मापे घेतली, मग कानस चालवली आणि उतार खचला. चाचा म्हणाले, "बेटा, कानस मागून. आधी ऐका." त्यानंतर सहा महिने त्यांनी मला केवळ तारा छेडायला बसवले.

आता सांभाळण्याविषयी. हंगामात मी मिरजेला जात नाही, हे घरी, कारखान्यात आणि चाचांनाही ठाऊक आहे. बंद हंगामात ओव्हरहॉलिंग असते, तरी गुरुवारची दुपार माझी आहे. ती मी मागून घेतली आणि तिच्याबद्दल कुणाची क्षमा मागितली नाही. मुलगी लहान असताना ती दुकानात माझ्या शेजारी बसून गृहपाठ करी. सासूबाईंनी एकदा विचारले, "यातून मिळतं काय?" तेव्हा मी त्यांना तंबोऱ्यासमोर बसवले. त्या बराच वेळ उठल्या नाहीत.

जोडीच्या, म्हणजे मधल्या दोन तारांची जवारी चाचा आता माझ्याकडे सोपवतात. खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराची, पितळी तार जाड असते आणि तिचा उतार सर्वांत अवघड. त्या तारेसाठी तंबोरा ते अजून स्वतःच्याच मांडीवर घेतात आणि मी शेजारी बसून ऐकते.