दंड घातलेलं लुगडं

इथे टेबलावर ठेवलेली गोधडी माझ्या पणजीच्या लुगड्यांची आहे. गिरणीत राबणाऱ्या बायका काय नेसत, हे सांगायचं तर मला हिच्यापासूनच सुरुवात करावी लागते. पैठण्या आणि शालू संग्रहालयांत जपले गेले, कारण ते सणावारालाच पेटीबाहेर निघत. गिरणीत नेसलेलं लुगडं शोधायला गेलात तर मिळत नाही. ते वापरता वापरता संपलेलं असतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत साधारण दर पाच कामगारांत एक बाई होती. रत्नागिरीकडून, घाटावरून आलेल्या या बायका मुख्यतः रिळिंग आणि वाइंडिंगच्या, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या खात्यांत, नायकिणीच्या, म्हणजे बाई मुकादमाच्या हाताखाली काम करत. 1891 च्या कायद्याने बायकांच्या कामाला दिवसाला अकरा तासांची मर्यादा घातली होती. अकरा तास! एवढा वेळ उभं राहायचं, वाकायचं, तुटलेला धागा सांधायचा. तिथे गावाकडची नेसणच कामी आली. नऊवारीला परकर लागत नाही, पिन लागत नाही. कासोटा घट्ट मारला, पदर कमरेला खोचला, की पाय मोकळे आणि हातही मोकळे. पैसे कनवटीला, पान-तंबाखू चंचीत. चोळीला बटण नव्हतं, पुढे नुसती गाठ. ती सैल केली की तान्ह्याला पाजता येई. मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा 1929 साली आला. त्याआधी ओल्या बाळंतिणीला लवकर कामावर परतावं लागे, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या गाठीचं मोल कळतं.

आता दंड. लुगडं आधी विरतं ते मधे, बसण्या-उठण्याच्या जागी. मग विरलेला भाग कापून काढायचा आणि उरलेले दोन तुकडे शिवून जोडायचे, म्हणजे दंड घालायचा. कधी दोन जुन्या लुगड्यांचं मिळून एक व्हायचं, काठ एका रंगाचा आणि पदर दुसऱ्याच. शिवण आतल्या घोळात जाईल अशी नेसायची, लोकांना दिसू नये म्हणून. या झाकण्यातला स्वाभिमान मला फार मोठा वाटतो. पहिल्या महायुद्धात कापडाचे भाव भडकले. दिवसभर सूत हाताळणाऱ्या बाईलाच नवं लुगडं परवडेना. महागाईने पिचलेले गिरणी कामगार जानेवारी 1919 मध्ये संपावर गेले.

नेसणीवरून जातही ओळखली जाई. लुगडं गुडघ्यापर्यंत की घोट्यापर्यंत, हातात चांदी की कथील, यावरून लोक माणूस जोखत. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या बायकांना नेमकं हेच सांगितलं: जातीची खूण ठरलेली नेसण आणि दागिने सोडा, स्वच्छ राहा. आणि बायकांनी ते लगेच मनावर घेतलं, दुसऱ्याच दिवशी त्या लुगडी वेगळ्या पद्धतीने नेसून आल्या. पिढ्यान् पिढ्यांची सवय त्यांनी एका रात्रीत मोडली. त्याला किती धैर्य लागलं असेल!

दंड घालूनही लुगडं टिकेनासं झालं, की त्याची गोधडी, दुपटी, शेवटी चुलीजवळचं फडकं. म्हणून म्हणते, जुनी गोधडी टाकू नका. एखाद्या कोपऱ्याचे टाके उसवून आतले थर बघा. या गोधडीत मला चार लुगड्यांचे तुकडे सापडले, आणि त्यातल्या दोन तुकड्यांवर दंडाची शिवण अजून शाबूत आहे. पुढे या, हात लावून बघा.